दर क्लिकला नवा दाखला

इरा आणि निषाद,

आपल्या मंडळाची गणपतीची स्मरणिका या वर्षी कागदावर निघणार नाही. ती पीडीएफ करून सगळ्यांच्या फोनवर पाठवायची असं कमिटीने ठरवलं. झाशीत मराठी वाचणारे आता मोजके उरले, बाकीचे तुमच्यासारखे दूर गेले, तेव्हा निर्णय शहाणपणाचा आहे हे मला मान्य आहे. संपादकांनी माझ्याकडे नोकरीच्या आठवणी मागितल्या आणि वर म्हणाले, "काकू, बिनधास्त लिहा. काही चुकलं तर नंतरसुद्धा बदलता येईल, पीडीएफच तर आहे."

हे वाक्य ऐकून माझं डोकं दुखायला लागलं. त्याच रविवारी व्हिडिओवर मी ते इराला सांगितलं, तर ती म्हणाली, "पण आजी, त्यात काय आहे? पीडीएफ सेव्ह केलं की झालं ना."

तेव्हा मी गप्प बसले, कारण तुम्हाला पोहण्याच्या क्लासला जायचं होतं. त्यात काय आहे ते आता सविस्तर सांगते. तुमचे बाबा वाचून दाखवतील. एखादा शब्द अडला तर त्यांना थांबवा.

मी झाशीच्या छावणीलगतच्या एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काम केलं, आणि निवृत्तीनंतर दर वर्षी मुदत वाढवून घेत आणखी चार. शाळेचं ऑफिस म्हणजे फी घेणारी खिडकी, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या शाळेत खरं काम दाखल्यांचं होतं. फौजेतल्या माणसाची बदली दोन-तीन वर्षांनी होते. हुकूम आला की आठवड्याभरात सामान काळ्या पेट्यांमध्ये भरलं जातं, पेट्यांवर पांढऱ्या रंगाने नाव आणि नवा पत्ता लिहिला जातो, आणि आई मुलांना घेऊन आमच्या खिडकीशी उभी राहते. तिला टीसी हवी असते, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्याशिवाय पुढची शाळा, मग ती आसामात असो की राजस्थानात, मुलाला वर्गात बसू देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या खिडकीपुढची रांग फाटकापर्यंत जायची. तुमचे आजोबा रेल्वेत होते. ते म्हणायचे, आमच्या स्टेशनावरून जेवढी माणसं जातात त्यातल्या निम्म्यांना तूच हाकलतेस.

पूर्वी दाखल्यांचं एक पुस्तक असायचं. प्रत्येक पानाचे दोन सारखे भाग, मध्ये टोचलेली रेघ. दोन्ही भागांत तोच मजकूर लिहायचा, शिक्का बरोबर रेघेवर मारायचा, उजवा भाग फाडून द्यायचा, डावा पुस्तकात राहायचा. त्या डाव्या भागाला आम्ही कार्यालयीन प्रत म्हणत असू. दिलेल्या कागदाबद्दल कधी वाद झाला तर पुस्तक काढायचं, दोन्ही अर्धे शेजारी ठेवायचे. अर्धा शिक्का अर्ध्या शिक्क्याला जुळला की वाद संपला.

आणि एक नियम. मी नवी असताना आमचे हेडक्लार्क श्रीवास्तव बाबूजींनी पहिल्या दिवशी शिकवला. चूक झाली तर ती रबराने किंवा पांढऱ्या शाईने मिटवायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर शब्द लिहायचा आणि आपली सही करायची. कागदावर चूक दिसली तरी चालेल, म्हणायचे, चूक कोणी सुधारली ते दिसलं पाहिजे. मी हे इतकं मनावर घेतलं की घरी दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवरही सही करत असे, आणि त्यावरून तुमचे बाबा मला अजून चिडवतात.

मग वेबसाइट आली. आमच्या प्राचार्या खन्ना मॅडम हुशार होत्या आणि त्यांना रांग बघवत नसे. पालकांनी घरबसल्या अर्ज करावा, आम्ही तपासून मंजूर करावा, आणि त्यांनी आपला दाखला फोनवर उतरवून घ्यावा, अशी योजना. काम ग्वाल्हेरच्या निधीजींना दिलं. त्या चाळिशीच्या, दोन मुलांच्या आई, घरीच बसून असल्या वेबसाइट बनवायच्या. फोनवर त्यांच्यामागे कधी मिक्सर चालू असे, कधी शिकवणीवरून परतलेली मुलं.

मी माझ्या सवयीप्रमाणे त्यांना इंग्रजीत टाइप करून अकरा मुद्दे पाठवले, क्रमांक घालून. त्यातला सातवा मुद्दा असा होता: कोणताही बदल एकाच जागी करता यावा, म्हणजे तो सगळीकडे आपोआप होईल. पूर्वी शाळेचा फोन बदलला की मला सोळा प्रकारच्या छापील फॉर्मांवर तो बदलावा लागे, म्हणून हा मुद्दा. निधीजी म्हणाल्या, "आंटीजी, इतना साफ़ लिखकर आज तक किसी ने नहीं दिया।" मी फुशारले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्याच एप्रिलमध्ये एका मेजरच्या बायकोचा फोन आला. आवाज थंड होता. त्यांच्या मुलाच्या नावाने अर्ज केला होता आणि उतरला तो सातवीतल्या कुठल्यातरी मुलीचा दाखला. मी म्हटलं, तुमच्याकडून चुकीचं बटण दाबलं गेलं असेल. दहा मिनिटांत त्या मुलीच्या आईचा फोन आला. तिलाही तिच्याच मुलीचा मिळाला होता, तिची तक्रार एवढीच होती की वेळ फार लागला. मी निधीजींना गाठलं. त्यांनी तपासलं. निघालं ते असं: यंत्र प्रत्येक दाखला बनवून एका ठराविक जागी, एकाच ठराविक नावाने ठेवत होतं आणि तिथून उचलून पालकाला देत होतं. जणू सगळ्या शाळेला मिळून एकच पाटी. दोघांनी एकाच क्षणी मागितलं की दुसऱ्याचं लिहिणं पहिल्याच्या लिहिण्यावर पडायचं आणि दोघांनाही दुसऱ्याचं वाचायला मिळायचं.

दुरुस्तीला निधीजींना दोन दिवस लागले. ते दोन दिवस आम्ही काय केलं सांगू? पालकांना फोन करून वेळ दिली. शर्मा परिवार, सव्वा अकराला दाबा. थॉमस परिवार, अकरा वीसला. रांग नको म्हणून लाख खटपटी करून वेबसाइट आणली आणि आता मी घड्याळ हातात घेऊन लोकांना घरबसल्या रांगेत उभं करत होते.

एक सुभेदार साहेब होते, त्यांनी दाखला फोटोच्या चकचकीत कागदावर छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून आणला आणि म्हणाले, आता यावर शिक्का मारा. प्लास्टिकवर शाई बसत नाही हे त्यांना दाखवायला मी शिक्का मारला, तो बोटाने पुसला. ते म्हणाले, बहेनजी, जोर से मारिए. वेबसाइटच्या दाखल्याला शिक्का लागत नाही, त्यावर छापलेला चौकोनी कोड फोनने टिपला की शाळेचा दाखला पडद्यावर उघडतो, तीच खात्री, असं मी चार वेळा सांगितलं. त्यांनी फोनने टिपला, दाखला उघडला, तो पडद्यावर पाहिला, आणि पुन्हा म्हणाले, शिक्का? मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं फार चुकत नव्हतं.

मी सुरुवातीला प्रत्येक पीडीएफ छापून फाइलला लावत असे. जुनी सवय, कार्यालयीन प्रत. दोन वर्षांनी खन्ना मॅडमनी कपाट उघडून पाहिलं आणि हसल्या. कागद वाचावा म्हणून वेबसाइट केली, म्हणाल्या, आणि तुम्ही दुप्पट छापताय. मी निधीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "जब चाहो निकाल लो आंटीजी, सब सर्वर में है।" मी छापणं थांबवलं. सर्व्हर म्हणजे मोठं कपाट अशी माझी समजूत होती. त्यात प्रत्येक दाखला घडी घालून ठेवलेला असणार, मागितला की काढून देत असणार.

एका वर्षी जूनअखेर खन्ना मॅडम निवृत्त झाल्या आणि मिश्राजी प्राचार्य झाले. जुलैतल्या पहिल्या सोमवारी मी सेटिंगमध्ये गेले, प्राचार्यांच्या नावाच्या चौकटीत खन्ना मॅडमचं नाव काढून मिश्राजींचं घातलं, त्यांच्या सहीचं चित्र चढवलं. दोन मिनिटांचं काम. सातव्या मुद्द्याप्रमाणे एका जागी बदललं, सगळीकडे झालं. मी चहा घेतला.

सप्टेंबरात एका बुधवारी सकाळी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हवालदार रामसेवक कुशवाहा, त्याच वर्षी फौजेतून निवृत्त होऊन गरौठ्याजवळच्या आपल्या गावी परतलेले. मुलगी कल्पना, आमच्याकडून मे महिन्यात बारावी होऊन गेलेली. तिला दुसऱ्या शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. हवालदारांनी खाकी पाकिटातून कॉलेजचं पत्र काढलं. लिहिलं होतं की विद्यार्थिनीने दिलेला दाखला आणि त्याच दाखल्यावरचा कोड टिपून शाळेच्या वेबसाइटवर दिसणारा दाखला यांत फरक आहे. प्राचार्य वेगळे, सही वेगळी, दाखला दिल्याची तारीखही वेगळी. शनिवारी दुपारी बारापर्यंत शाळेचा मूळ खुलासा हातात आला नाही, तर प्रवेश रद्द करून जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल. झाशीहून पुढे रेल्वेचा प्रवास; हिशेब केला तर आमच्या हातात तो बुधवार आणि गुरुवार होता.

मी दाखल्याचा नंबर टाकून पडद्यावर दाखला उघडला. मिश्राजींचं नाव, मिश्राजींची सही. कल्पनाच्या हातातल्या कागदावर खन्ना मॅडम. तोच नंबर. मी चष्मा पुसला, दोन्ही पुन्हा पाहिले, आणि हा कागद तिने कुठून आणला असं मी कल्पनाला विचारलं.

हवालदार बोलले. आवाज चढवला नाही, उभे होते तसेच उभे राहिले.

"मैडमजी, हमाई मोडी झूठी नइयाँ।"

आमची मुलगी खोटी नाही. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं.

एवढ्या वर्षांत माझ्या नोंदीने मला कधी फसवलं नव्हतं. माणसं फसवतात, वय कमी लिहून आणतात, आडनाव बदलतात, हे रोजचं. नोंद फसवत नाही. तरी काहीतरी टोचत होतं, ते तारखेचं. पडद्यावर दाखला दिल्याची तारीख होती त्याच दिवसाची, त्या बुधवारची. त्या दिवशी मी कोणालाही दाखला दिला नव्हता.

मग मी एक गोष्ट केली. खन्ना मॅडमच्या निरोपाच्या दिवशी त्यांच्या नावाचा शेवटचा दाखला मी मुद्दाम त्यांच्यासमोर मंजूर केला होता. मॅडमनी त्या पालकांबरोबर फोटोही काढला होता. तो दाखला उघडला. मिश्राजी. तारीख आजची. त्याआधीच्या वर्षीचा उघडला. मिश्राजी. वेबसाइट सुरू झाली त्या वर्षीचा उघडला, तेव्हा मिश्राजी या शहरातही नव्हते. मिश्राजी, आणि तारीख आजची.

निधीजींना फोन लावला. मागे कुकरची शिट्टी. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपल्या संगणकावर काही पाहिलं आणि म्हणाल्या, "आंटीजी, प्रिंसिपल का नाम तो आप ही के लॉगिन से बदला है। जुलाई का पहला सोमवार, साढ़े दस बजे।"

मी म्हटलं, मी पुढच्या दाखल्यांसाठी बदललं. मागचे तर दिले गेले होते, ते कपाटात होते.

"कपाटात" या शब्दावर आमचा सगळा घोटाळा उलगडला. कपाट नव्हतंच. यंत्राने एकही दाखला जपून ठेवला नव्हता. त्याच्याकडे एका बाजूला मुलांची माहिती, दुसऱ्या बाजूला दाखल्याचा साचा, आणि सेटिंगमध्ये प्राचार्यांचं नाव. कोणी मागितलं की तिन्ही एकत्र करून त्या क्षणी नवा दाखला बनवायचा, द्यायचा आणि विसरून जायचं. तारीखही त्या क्षणाची. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लोक दाखला बनला त्याच दिवशी उतरवून घेत, पुढच्या शाळा कोड टिपून पाहत नसत आणि प्राचार्याही त्याच होत्या. निधीजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "डिब्बे में हमने कुछ रखा ही नहीं, आंटीजी। जो माँगे उसको गरम सेंक के देते हैं।"

मी त्यांना म्हटलं, पोळी गरम हवी. दाखला शिळाच असला पाहिजे.

त्या हळूच म्हणाल्या की सातवा मुद्दा माझाच होता. होता. माझ्या टाइप केलेल्या यादीत, अधोरेखित. आमच्या कागदी जगात नवा शिक्का आला म्हणून आधीच्या कागदांवरचे शिक्के बदलत नसत. शिक्का पुढे जातो, मागे जात नाही, हे मी कुठल्याही मुद्द्यात लिहिलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. आणि निधीजींनी कधी शिक्का हातात धरला नव्हता.

आता पुरावा शोधायचा. छापील प्रती बंद केलेल्या. पण दाखला मंजूर झाला की एक प्रत पालकांना ईमेलने जात असे, म्हणजे शाळेच्या ईमेलमध्ये पाठवलेल्या पत्रांत ती असणार. मी उत्साहाने उघडलं. रिकामं. कारण दर शनिवारी घरी जाण्यापूर्वी मी पाठवलेली पत्रं पुसून टाकत असे. पेटी भरलेली मला आवडत नाही. हवालदारांच्या ईमेलचं विचारलं, तर अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने स्वतःचाच पत्ता घातला होता, आणि ते दुकान बंद झालं होतं. शाळेच्या जाड रजिस्टरात कल्पनाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचा दिवस सगळं माझ्याच अक्षरात होतं. पण तिच्या हातातला कागद आम्हीच दिला, हे रजिस्टर सांगत नव्हतं.

त्या दिवशी मला राग आवरेना, आणि सगळ्यात जास्त राग माझ्या नीटनेटकेपणाचा येत होता.

मिश्राजींकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, नव्या खुर्चीत बसलेले सावध गृहस्थ आहेत. त्यांनी सोपी वाट सुचवली. मुलीला आजच्या तारखेचा दुसरा दाखला द्या, विषय मिटेल. मी सांगितलं की दाखला एकदाच देता येतो. दुसरा द्यायचा तर तो दुय्यम प्रत म्हणून, आणि त्यासाठी पालकाने मूळ हरवल्याचं शपथपत्र द्यावं लागतं. मिश्राजी म्हणाले, मग घ्या की शपथपत्र, कचेरीबाहेर तासात होतं. हवालदारांना आत बोलावून त्यांनी समजावलं. हवालदारांनी हातातला कागद पाहिला, मिश्राजींकडे पाहिलं.

"हिरानो नइयाँ साहब, तो कैसें लिख दें कि हिरा गओ?"

हरवलेला नाही, तर हरवला असं कसं लिहू. मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं.

खरं तर तो उपाय चाललाही नसता. कॉलेजने विचारलं होतं की मुलीने दिलेला कागद खरा आहे का. नवा कागद दिला की पहिला खोटा ठरला असता. मी म्हटलं, एकच मार्ग आहे. आपण लिहून द्यायचं की मुलीचा कागद बरोबर आहे, चूक आपल्या वेबसाइटची आहे, आणि ती कशी झाली. मिश्राजी खुर्चीत मागे रेलले. असं लिहून दिलं तर आजवर दिलेल्या प्रत्येक दाखल्यावर लोक बोट ठेवतील, म्हणाले. मी म्हटलं, ठेवायलाच हवं, प्रत्येक चुकीचाच दिसतोय. नाहीतर मुलीचं वर्ष जाईल.

मिश्राजी शेवटी म्हणाले, "आप अपने नाम से लिखिए। मैं अग्रेषित कर दूँगा।" म्हणजे चूक माझी, त्यांची सही फक्त पुढे पाठवल्याची. आणि दार उघडता उघडता आठवण दिली की माझी मुदतवाढ फेब्रुवारीत त्यांच्याकडेच येणार आहे.

मी ते पत्र संगणकावर लिहिलं नाही. त्या दिवशी पडद्यावर उमटणाऱ्या एकाही अक्षरावर माझा विश्वास नव्हता. खालच्या खणात जुना कार्बन पेपर सापडला. शाळेच्या नावाचे दोन कागद, मध्ये कार्बन, आणि बॉलपेन दाबून मी इंग्रजीत लिहिलं: अमुक नंबरचा दाखला मे महिन्यात आमच्या शाळेने कल्पना कुशवाहा हिला दिला. त्यावरचं प्राचार्यांचं नाव, सही आणि तारीख बरोबर आहे. जुलैत मी, खाली सही करणारीने, वेबसाइटमधलं नाव बदललं, त्यामुळे वेबसाइट आता चुकीचा दाखला दाखवते. विद्यार्थिनीचा यात काहीही दोष नाही. जुलैच्या जागी मी आधी जून लिहिलं होतं. एक रेघ मारली, वर जुलै लिहिलं, बाजूला सही. मिश्राजी म्हणाले, दुसऱ्या कागदावर साफ लिहा. मी म्हटलं, असू द्या.

सोबत रजिस्टरच्या पानाची प्रत लावली. खन्ना मॅडमना फोन केला. त्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या घरून रिक्षाने आल्या आणि दुसऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं की मे महिन्यात प्राचार्य त्या होत्या आणि कागदावरची सही त्यांची आहे. जाताना माझ्या कपाटाकडे बघून म्हणाल्या, "छापने देती तो अच्छा था।" बुधवारी संध्याकाळी साडेपाचला हवालदारांनी पाकीट शर्टाच्या आत ठेवलं, वरून बटणं लावली आणि मुलीला घेऊन स्टेशनाकडे गेले.

गुरुवार, शुक्रवार मी फोनजवळ काढले. शनिवारी पावणेबाराला कल्पनाचा फोन आला. "मैडमजी, जमा हो गया. मान लिया."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं की पोच घेतलीस का.

"ली है," ती म्हणाली. "और दो जगह फ़ोटो भी भेज दी है, पापा को और मौसी को।"

निधीजींनी पंधरा दिवसांत कपाट बनवलं. आता मंजूर झालेला दाखला त्याच क्षणी तयार होतो, जसाच्या तसा ठेवला जातो, आणि कोणी कितीदा मागितला तरी तोच दिला जातो. बदलायचा झाला तर नवा नंबर, आणि जुनाही बघायला मिळतो, कोणी आणि कधी बदलला ते लिहून. माझ्या यादीतला हा बारावा मुद्दा. जुन्या दाखल्यांसाठी मी जाड रजिस्टरं काढली आणि चार महिने बसून प्रत्येकाची खरी तारीख आणि खरे प्राचार्य भरून काढले. फेब्रुवारीत मुदतवाढीचं पत्र आलं नाही. कोणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी खणातला उरलेला कार्बन पेपर घरी आणला. शाळेची तेवढी एक वस्तू माझ्याकडे आहे.

तर इरा, "सेव्ह केलं की झालं" हे बरोबर आहे. फक्त सेव्ह कोणी केलं, काय केलं आणि कुठे, हे आधी विचारत जा. मला आणि निधीजींना, आम्हा दोघी शहाण्या बायकांना, ते विचारायला इतकी वर्षं लागली.

कल्पनाचं नर्सिंगचं आता शेवटचं वर्ष आहे. तिला मराठी येत नाही, म्हणून तिला मी हिंदीत वेगळं पत्र लिहिलं आहे, शाईने, कार्बन घालून. आज पोस्टात टाकलं. त्यात जे आहे तेच इथेही असायला हवं. संपादकांना विनंती की खालची दुरुस्ती वर मजकुरात मिसळून टाकू नये, आणि लेख एकदा पाठवल्यावर त्यात काहीही बदलू नये.

दुरुस्ती. वर मी लिहिलं आहे, "हा कागद तिने कुठून आणला असं मी कल्पनाला विचारलं." ते वाक्य तसंच वाचता येऊ द्यावं. मी विचारलं नव्हतं. नातवंडं वाचतील म्हणून मी ते सौम्य करून लिहिलं. भरल्या ऑफिसात, तिच्या वडिलांसमोर, तिचा कागद दोन बोटांनी उचलून मी म्हटलं होतं, "आजकल बाज़ार में सब बन जाता है, बेटा।" तो कागद मीच मंजूर केला होता.

सही, शा. गो.
तुमची आजी